तहकूब डावाचा कौल

अण्णा, बुद्धिबळाची ती स्पर्धा संपली. शेवटच्या फेरीचे निकाल कालच्या पेपरात आले. आठ जणांत तुझा म्हातारा पाचवा आला आणि माझा पोरगा पहिला. शेवटच्या डावात त्याला नुसती बरोबरी पुरली असती, तरी त्याने घोडा फुकट टाकून हल्ला चढवला आणि जिंकला. तू असतास तर तोंड वाकडं करून म्हणाला असतास, "माकड आहे तें. एक दिवस पडेल झाडावरून." मी चिडले असते, आणि आईने आतून ओरडून सांगितलं असतं की भात गार होतोय. मी पेपरची घडी घातली, तांदळाच्या डब्यावर ठेवली आणि शाळेत गेले. तुझं तेरावं होऊन चार दिवस झालेत.

तुझ्या कचेरीतल्या लोकांनी पापनाशमला शोकसभा घेतली. तुझं शिक्षण, कालव्यांच्या खात्यातली तुझी नोकरी, कोणत्या साली कुठली बढती, सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. बुद्धिबळाचं नाव कोणी काढलं नाही. त्या सभेतल्या माणसाला मी ओळखत नव्हते. मी ओळखत होते तो संध्याकाळी पापनाशमच्या गाडीतून उतरून, हातात पेपरची सुरळी घेऊन, वेष्टीचा सोगा गुडघ्यापर्यंत वर धरून धावत घरी येणारा माणूस. त्याच्याशी माझं बोलायचं राहून गेलं आहे.

घरात आपण बोलतो ती मराठी कागदावर कशी लिहायची ते मला येत नाही, म्हणून अप्पांच्या पेटीतल्या पुस्तकांची मराठी वापरते आहे. ती तूच मला शिकवलीस. ही अक्षरं वाचणारी माणसं तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. आईलाही ती येत नाहीत. लिहायला बसताना मला त्याचं बरं वाटलं.

मी लग्न होऊन कुंभकोणमला गेले आणि तीन वर्षांत पांढऱ्या कपाळाने परत आले. घर बायकांनी भरलं होतं. प्रत्येकीला माझ्या गळ्यात पडून रडायचं होतं. तू कोणाशीच बोलला नाहीस. सगळ्या आपापल्या घरी गेल्यावर तू दारापुढच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, पट मांडलास आणि मला हाक मारलीस. "बैस. घोडा अडीच घरें जातो." एवढंच. सांत्वनाचा एक शब्द मी तुझ्या तोंडून ऐकला नाही, तेव्हाही नाही, पुढेही नाही. विधवा बहिणीला भर रस्त्यावर घेऊन सोंगट्या खेळतो म्हणून समोरच्या घरात कुजबुज झाली, तेव्हा तू त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "शह!" म्हणायला लागलास. पुढे मला शिकायला लावलंस, शाळेत गणित शिकवायला लावलंस. या सगळ्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. अण्णा, तू मला वाचवलंस.

आणि आता तुझी फजिती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला तुझ्याबद्दल बोलताच येणार नाही.

मद्रासच्या पेपरात परदेशातल्या मोठ्या डावांच्या चाली छापून येतात हा शोध तुला लागला ते वर्ष. अप्पांनी आपल्याला शिकवलेल्या पटावर प्रत्येकाचा राजा त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला बसायचा आणि वजीर डाव्या. म्हणजे आपल्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर. राजवाड्यातल्या जुन्या माणसांकडून अप्पा तसंच शिकले होते. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं वगैरे विलायती नियम तू एका पुस्तकातून उचलले होतेस, पण राजाने बसायचं कुठे हेही पुस्तकात पाहावं असं तुला वाटलं नाही. पेपरात तर पटावरच्या घरांची नावंच राजा-वजिरांवरून, म्हणजे ते चुकले की प्रत्येक चाल चुकणार. मग काय व्हायचं ते झालं. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, ती एकमेकांसमोर येण्याऐवजी तिरपी आली, आणि तरी कोणी कोणाला मारलं नाही. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा उंट थेट काळ्याच्या वजिरावर रोखलेला. काळ्याने वजीर हलवला नाही, भलत्याच टोकाचं प्यादं एक घर पुढे केलं. आता वजीर मेला म्हणून मी पुढे सरकून बसले, तर पांढऱ्याने उंट मागे घेतला!

मी म्हटलं, "अण्णा, कांही तरी चुकतें आहे."

तू डोळे मिटून मान डोलावलीस. "मोठी माणसें पुढ्यांत आलेलें असें घेत नाहींत, कमळे. आपण घेतों, म्हणून आपण तंजावरांत बसलों."

महिनाभर आपण ते डाव तसेच लावत होतो. नवव्या-दहाव्या चालीला गाडं अडायचं, घोड्याला जायला घर नसायचं, आणि तू म्हणायचास छापखान्यात गाढवं भरलीत. शेवटी तू संपादकाला इंग्रजीत चार पानी पत्र लिहून त्याच्या चुका कळवल्यास. उत्तरादाखल एका ओळीचं कार्ड आलं, की दोन्ही राजे समोरासमोर बसवून पाहावे. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, जसं काही ते कार्ड मीच टाकलं होतं. पण तिसऱ्या दिवशी राजे समोरासमोर बसवलेस, त्या पहिल्या डावापासून पुन्हा सुरुवात केलीस, आणि सगळे डाव पहिल्यापासून लावून पाहिलेस. चूक कळल्यावर तू ती कधी झाकली नाहीस. हा तुझा गुण माझ्यात नाही, ते पुढे येईलच.

या वर्षीच्या स्पर्धेची वाट तू वर्षभर पाहत होतास. आठ खेळाडू, दोन महिने, आणि जिंकेल तो जगज्जेत्याला आव्हान देणार. त्यांची खरी नावं आपल्या जिभेला कधी धड वळली नाहीत. तुझा तो म्हातारा, माझा तो पोरगा. म्हातारा पन्नाशीचा, सावकाश, कंजूस, एकेका प्याद्यासाठी रडणारा. पोरगा विशीतला, हातात येईल ते फेकून मारणारा. पेपरात फोटो आला तेव्हा कळलं की तुझ्या म्हाताऱ्याला चांगले दाट काळे केस आहेत. तू म्हणालास, "लाविले असतील." तुझी रोजची एक रीत होती. पेपर आला की आधी निकाल पाहायचा नाही. ती ओळ अंगठ्याने झाकायची, चाली वाचत पट लावायचा, आणि कोण जिंकणार ते शेवटपर्यंत आपण दोघांनी भांडून ठरवायचं. हजारो मैलांवर दोन दिवसांपूर्वी संपलेला डाव आपल्या तिण्णैवर रोज नव्याने सुरू व्हायचा.

दुसऱ्या आठवड्यापासून मी तुला हरवायला लागले. आधी एक डाव, मग लागोपाठ चार. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तू घाईने चाल करायचास, हत्ती उघडा टाकायचास, आणि मी हावरटासारखी उचलायचे. शाळेत मी मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं की आता अण्णा माझ्यापुढे टिकत नाही. तू पटावर वाकलास की डावा हात पोटाशी धरायचास हे मी पाहत होते. पाहत होते आणि त्याचा काही अर्थ लावत नव्हते. गणिताची बाई आहे मी. लाज वाटते.

आईने आधी ओळखलं. ती म्हणाली वेष्टीच्या निऱ्या आता याच्या पोटावर थांबत नाहीत. मग तिला सगळीकडे काही ना काही दिसायला लागलं. तू बाहेर निघालास की उंबऱ्यावर पाल चुकचुकायची. देवापुढचा नारळ सडका निघाला. कावेरीत पाणी सुटायचे दिवस जवळ आले होते, पण अजून सगळे कालवे कोरडे, चिखलाला भेगा पडलेल्या, आणि विहिरीचं पाणी खारट झालेलं. मी तिला हसले. पण त्या दिवसांत माझीही झोप उडाली होती, आणि दुपारी शाळेतून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली तरी मी घरापर्यंत धावत सुटायचे.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं. गाठ आहे. मद्रासला जाऊन कापून काढा. महिना लावू नका.

तू म्हणालास, "स्पर्धा संपूं दे."

आईला वाटलं तू थट्टा करतोस. मला कळलं की तू घाबरला आहेस. अप्पांना तूच मद्रासला नेलं होतंस, एकोणीस वर्षांचा असताना, असंच पोटाच्या ऑपरेशनसाठी. परत येताना तुझ्याबरोबर नुसती त्यांची पेटी होती. त्या चार दिवसांत तिथे काय झालं ते तू ना आईला सांगितलंस ना मला. मी एकदा विचारलं होतं, तर तू म्हणालास, "तुझी चाल." त्या इस्पितळाचं नाव निघालं की तू उठून मागच्या दारी जायचास.

आईने मारिअम्माच्या देवळात कौल घ्यायचं काढलं. तांबडं फूल आणि पांढरं फूल वेगवेगळ्या पुड्यांत बांधून देवीपुढे टाकायचं, आणि एक पुडी उचलायची. पांढरं निघालं तर जा. तू ताडकन म्हणालास की फुलांना विचारून पोट फाडून घ्यायला मी वेडा नाही. आई रडली. तू वरमलास, पण देवळात गेला नाहीस. ऑपरेशन करून घे म्हणून मी तुझ्याशी रोज भांडायचे आणि तू रोज पट पुढे ओढायचास. एकीकडे तुझी कीव यायची, दुसरीकडे तुला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. आणि एक गोष्ट आज कबूल करते. स्पर्धा संपेपर्यंत तू घरी राहावास असं मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं. तुझ्याशिवाय ते डाव मी कोणाबरोबर लावले असते?

मग तो डाव आला. तुझा म्हातारा विरुद्ध माझा पोरगा. त्या दिवशी अंगठ्याखाली झाकायला निकालच नव्हता. चाळीस चाली, आणि खाली लिहिलं होतं, डाव तहकूब. एकेचाळिसावी चाल लिहून पाकिटात बंद करून पंचाकडे ठेवली आहे, पुढचा खेळ नंतर. आपण पट लावला. दोघांकडे एकेक हत्ती, आणि म्हाताऱ्याचं एक प्यादं कमी. तू कितीतरी वेळ पटाकडे पाहत बसलास. आई काप्पीचा पेला घेऊन आली आणि तुझा चेहरा पाहून तिथेच उभी राहिली.

"आई," तू म्हणालास, "तुला कौल पाहिजे होता ना? हा घे. माझ्या म्हाताऱ्यानें हा डाव वांचविला, तर मी मद्रासला जातों. हरला, तर ही गोष्ट या घरांत पुन्हां काढायची नाहीं."

मी ओरडले, "हें काय पोरपण? डावाचा आणि तुझ्या पोटाचा काय संबंध?"

"फुलांचा काय संबंध?" तू म्हणालास.

पण आई हसली नाही, रागावली नाही. तिने हातातली काप्पी खाली ठेवली आणि पटाला हात जोडले. नंतर मला आत नेऊन म्हणाली, "मी आम्माला मागितलें, कमळे. म्हटलें, बाई, तो तुझीं फुलें घेत नाहीं, तर त्याच्या सोंगट्यांतून तूंच सांग." त्या क्षणापासून तो डाव तिच्या लेखी देवीचा झाला.

पाकिटातली ती चाल कोणालाच माहीत नव्हती, आणि दोन दिवस आपल्या घरावर तिचाच अंमल होता. तू म्हाताऱ्याच्या बाजूने बसलास, मी पोरग्याच्या. पहिल्याच दुपारी मला दिसलं की डाव गेलेला आहे. प्यादं पुढे ढकलायचं, राजा त्याच्या आडोशाला न्यायचा, संपलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पोरगा हरायला हवा होता. मी मुद्दाम वाकड्या चाली करायला लागले, राजा भलतीकडे न्यायला लागले. तू दोन डाव बरोबरीत सोडवलेस आणि मग माझा हात धरलास.

"खोटें खेळूं नको. खोटी चाल करितेस तेव्हां तूं विचारच करत नाहींस. पटकन् करितेस."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खरं पाहिजे ना, मग घे खरं. आणि मी खरं खेळले. तीनदा हरवलं तुला. तिसऱ्यांदा तुझा राजा कोपऱ्यात कोंडून मी पटावरून सोंगट्या हाताने ढकलून दिल्या. तू त्या एकेक करून गोळा केल्यास. "पोरगें जिंकतें म्हणतेस," तू म्हणालास. माझ्या या जिभेला आणि या हाताला तेव्हाच आवर घालता आला असता तर पुढचं सोपं झालं असतं. तुला हरवायची खोड मला तू लावली होतीस, पण ती त्या दिवशी वापरायला तू सांगितलं नव्हतंस.

रजेवर असल्यापासून तुझा पेपर मी आणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर गेले, गठ्ठा सुटायची वाट पाहिली, पेपर घेतला आणि बाकावर बसून उघडला. या वेळी अंगठ्याने काहीच झाकलं नाही. म्हाताऱ्याने पुढे खेळायलाच नकार दिला होता. पाकीट उघडलं, चाल पाहिली आणि डाव सोडला. तीन ओळींची बातमी. त्या तीन ओळी गावात आणखी कोणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही.

त्या बाकावर मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. पापनाशमची गाडी आली आणि गेली. खरं सांगितलं तर तू जाणार नाहीस, आणि गाठ तुला घेऊन जाणार. खोटं सांगितलं तर तू जाशील. गणित सोपं होतं. मी ते सोडवलं. पेपर कोरड्या खंदकात टाकला आणि घरापर्यंतच्या वाटेत तुझ्या म्हाताऱ्यासाठी बरोबरी शोधून काढली.

"वांचला," मी दारातून सांगितलं. पेपर संपले होते, एकाच्या हातातला उभ्याने वाचला, असं म्हटलं. आईने मटकन खाली बसून पदर डोळ्यांना लावला. तू एकच विचारलंस. "कसा?"

मी पट मांडला. म्हाताऱ्याने शेवटचं प्यादंही देऊन टाकलं आणि हत्ती मागे नेऊन शह देत राहिला, देत राहिला, शेवटी पोरगाच कंटाळला. प्रत्येक चालीच्या आधी मी थांबले, कपाळाला हात लावला, आठवल्यासारखं केलं. तू शिकवलेलंच तुझ्यावर वापरलं. त्या बरोबरीत एक भोक होतं. पोरग्याचा राजा स्वतःच्या प्याद्यापुढच्या घरात गेला असता तर शह तिथेच संपले असते. मला ते वाटेतच दिसलं होतं, पण त्याहून चांगली बरोबरी सापडली नव्हती. तू पटावर वाकलास. तुझं बोट त्या घराकडे गेलं. ते त्या घरावर टेकलं, थोडा वेळ तिथेच राहिलं.

मग तू बोट उचललंस आणि म्हणालास, "सरी, ठीक आहे. आपल्याला हें दिसलें नाहीं." आणि आईकडे वळून, "बॅग भर."

अण्णा, तुला दिसलं होतं ना? तुझ्यासारख्या माणसाला ते घर दिसलं नाही असं मी मानायचं कसं? आणि दिसलं असेल तर तू का गेलास? माझ्या खोट्याची लाज राखायला गेलास? की तुलाही जायचंच होतं, आणि जा म्हणणारं कोणीतरी हवं होतं? मद्रासला वॉर्डात रोज पेपर यायचा. मी तो तुझ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून धडपडायचे. गरजच नव्हती. वर्षानुवर्षं एक दिवस पेपर न चुकवणाऱ्या माणसाने तिथे एकदाही पेपर मागितला नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू म्हणालास, "कमळे, त्या डावांत," आणि तेवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली. ती गेल्यावर मी विचारू शकले असते. मी उशी सारखी केली आणि उद्याबद्दल काहीतरी बोलले. मला भीती वाटली होती.

पोट उघडलं तेव्हा गाठ सगळीकडे पसरलेली होती, असं सर्जन म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पाचव्या दिवशी तू गेलास. ऑपरेशन केलं नसतं तर चार-सहा महिने, ते म्हणाले, त्याहून जास्त नाही. येणारे जाणारे सगळे मला हेच सांगून धीर देतात, की करायचं ते सगळं केलंत, मनाला लावून घेऊ नका. चार महिने, अण्णा. कालव्यांना पाणी सुटलेलं तू पाहिलं असतंस. स्पर्धा पाहिली असतीस, शेवटच्या फेरीत पोरग्याने फेकलेला तो घोडा पाहिला असतास आणि मला शिव्या दिल्या असत्यास. आपल्या तिण्णैवर, आपल्या पटापुढे दुखत दुखत गेला असतास, पण तिथे नाही. जिथे अप्पा गेले तिथे तर नाही. मी तुला त्याच दारातून आत नेलं.

तू गेल्यापासून आईने मारिअम्मापुढे दिवा लावलेला नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नसेल. जेवत नाही, चार शितं चिवडते आणि उठते. माणसं समाचाराला येतात, ती त्यांच्याशी बोलत नाही. संध्याकाळ झाली की माझ्यापाशी येते आणि एकच विचारते.

आजही आली. हे सगळं लिहून झालं होतं, शाई वाळत होती. ती शेजारी बसली आणि कागदाकडे न पाहता म्हणाली, "कमळे गे, कौल चांगला आला होता ना? म्हातारा वांचला होता ना? मी तोंड उघडून मागितलें, तिनें जा म्हणून सांगितलें. मग माझ्या लेंकराला तिनें असें कां फसविलें?"

रोज मी म्हणायचे, झोप आई. आज म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "कौल वाईट आला होता, आई. म्हातारा हरला होता. मी अण्णाशीं खोटें बोललें."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. बराच वेळ तिचे ओठ हलत होते, जसं ती काही जुळवून पाहत होती.

"म्हणजे आम्मानें जाऊं नको म्हणूनच सांगितलें होतें," ती म्हणाली.

"हो."

ती उठली. विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, केस बांधले, आणि देवीपुढे दिवा लावला. कितीतरी वेळ हात जोडून बसली. मग स्वयंपाकघरात गेली, भात गरम केला, पान मांडून घेतलं, आणि तू गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवली. माझं पान तिने मांडलं नव्हतं.